कॅलटेकचं एसएसपीडी-१: अंतराळातल्या सोलरचा रिव्ह्यू

पाचपैकी साडेतीन स्टार, आणि त्यातले दोन यातल्या मेपल या एकट्या प्रयोगाचे. कॅलिफोर्नियातल्या कॅलटेक विद्यापीठाने जानेवारी २०२३ मध्ये स्पेसएक्सच्या रॉकेटवरून एसएसपीडी-१ ही तीन प्रयोगांची चाचणी वर पाठवली, अंतराळात सोलर पॅनल लावून वीज मायक्रोवेव्हने खाली आणता येईल का ते बघायला.

मेपल म्हणजे पॉवर पाठवणारा भाग, यात डिश फिरवायची नाही की मोटर नाही, बारीक बारीक अँटेनांच्या लहरींचं टायमिंग मागेपुढे केलं की बीम हवा तिकडे वळतो. फूटभर लांब ठेवलेल्या रिसीव्हरवर पॉवर पाठवून एलईडी पेटवले, मग मे महिन्यात बीम पृथ्वीकडे वळवला तर पासाडेनातल्या कॅम्पसच्या गच्चीवर सिग्नल मिळाला, ठरल्या वेळेला, आणि यानाच्या वेगाने फ्रिक्वेन्सी जेवढी सरकायला हवी तेवढीच सरकलेली. हे वाचून खरंच भारी वाटलं! पण गच्चीवर आला तो फक्त ओळखता येईल एवढा सिग्नल, त्यावर काही चालणार नाही, त्यामुळे "अंतराळातून वीज आली" असं कुणी म्हणालं तर लगेच हुरळून जाऊ नका.

अर्धा स्टार मी डोल्चेपायी कापला. घडी घालून पाठवलेली सहा बाय सहा फुटांची ही चौकट उघडताना वायर अडकली. टीमने लॅबमध्ये तीच अडचण पुन्हा तयार करून बघितली आणि शेवटी उन्हाची उष्णता आणि यंत्रणेची थरथर वापरून ती मोकळी केली, त्यांच्या चिकाटीला सलाम, पण उद्या अंतराळात किलोमीटरभर पसरणाऱ्या वीज-स्टेशनमध्ये असं प्रत्येक ठिकाणी सोडवत बसणार कोण?

अल्बामध्ये ३२ प्रकारचे सोलर सेल होते. गॅलियम आर्सेनाइडवाले सातत्याने चांगले चालले, पेरोव्स्काइटचा मात्र अजून भरवसा नाही. आठेक महिन्यांनी मेपलचीही पॉवर उतरली कारण काही अँटेना खराब झाल्या, आणखी अर्धा स्टार तिथे गेला.

उरलेला अर्धा खर्चापायी. नासाच्या जानेवारी २०२४ च्या अहवालात २०५० सालच्या दोन डिझाइनचा हिशोब आहे, युनिटला ६१ सेंट ते १.५९ डॉलर. जमिनीवरचं सोलर याच्या कितीतरी खाली आहे, त्यामुळे रात्रीच्या विजेसाठी आत्ता पैसे घालायचे तर बॅटरीतच घाला.

तरी मी या कामाच्या बाजूने आहे, मनापासून. पुढच्या यानाकडून मला एकच आकडा हवाय, खालच्या रिसीव्हरवर वापरता येतील असे वॅट किती उतरले.