घोंगडी विकताना झालेली फसवणूक, विणकरांनी वाचा आणि घेणाऱ्यांनीही वाचा

नमस्कार. आम्ही पट्टणकोडोलीकडचे, कोल्हापूर जिल्हा. घरात पिढ्यानपिढ्या घोंगडी विणायचं काम. मामा म्हणजे माझे सासरे मागावर बसतात, आत्या म्हणजे सासूबाई आणि मी सूत कातायचं, खळ म्हणजे धागा ताठ व्हायला लावायची पेज करायची, आणि गेली काही वर्षं फोनवरच्या ऑर्डरी, कुरियर, हिशोब हे सगळं माझ्याकडं आहे. एका माणसानं आम्हाला एक लाख बारा हजाराला फसवलंय, आणि आमच्या बरोबरीनं विणकरांच्या अजून तीन घरांना. तोच माणूस किंवा तसलाच दुसरा कुणीतरी उद्या वाकळ शिवणाऱ्या बायकांकडं नाहीतर इचलकरंजीत कुणाकडं जाणार, म्हणून जसं झालं तसं सगळं लिहितेय. लांब होईल, पण पूर्ण वाचा.

आधी कामाचं थोडं सांगते, नाहीतर त्यानं नेमकी वेळ कशी साधली ते कळणार नाही. दख्खनी मेंढीची लोकर कातरणीच्या वेळी धनगरांकडनं घ्यायची, काळी, पांढरी, करडी अशी वेगळी करायची, पिंजायची, चरख्यावर कातायची. मग ताणा म्हणजे कापडाचे उभे धागे लांबलचक पसरून त्याला चिंचोक्याची खळ द्यायची. चिंचोके भिजवायचे, वाटायचे, शिजवायचे आणि ती खळ कुंच्यानं अशी ओढायची की एक धागा दुसऱ्याला चिकटायला नको आणि एकही कोरडा राहायला नको. ही खळ उन्हातच वाळते, आत घरात पंख्याखाली वाळवली तर वास मारते आणि धाग्याला ताठपणा येत नाही. त्यामुळं पावसाळ्यात आमचा माग जवळजवळ बंदच असतो. तयार माल घरात पडून, लोकरीची उधारी द्यायची राहिलेली, पोरांच्या शाळेची फी आणि पुस्तकं नेमकी तेव्हाच. हे ज्याला माहीत आहे तो माणूस विणकराकडं पावसाळ्यातच जातो.

तो पहिल्यांदा भेटला कोल्हापुरात, दसरा चौकातल्या एका प्रदर्शनात. चाळिशीचा असेल, खादीचा कुर्ता, ताई म्हटल्याशिवाय वाक्य सुरू करत नव्हता. पुण्यात नैसर्गिक वस्तूंचं दुकान आहे, ऑनलाईनही विकतो म्हणाला. घोंगडं हातात घेतलं, उलटं करून काठ बघितला, दशांना म्हणजे काठाच्या सुट्या धाग्यांना पीळ कसा दिलाय ते बघितलं आणि विचारलं की जावळाचं आहे का एखादं. जावळाचं म्हणजे कोकराच्या पहिल्या कातरणीचं, सगळ्यात मऊ. साधं गिऱ्हाईक हे विचारत नाही हो, त्याला फक्त टोचतंय का आणि कितीला दिलं एवढंच पाहिजे असतं. मामांनी त्याला तिथंच खुर्ची दिली. चार घोंगडी घेतली, घासाघीस केली नाही, रोख पैसे मोजून दिले.

नंतर घरी आला. येताना आत्यांना साडी, मामांच्या पाया पडला. दुसऱ्या वेळी दारात उभं राहून यूपीआय केलं आणि मेसेज आल्याशिवाय माल गाडीत ठेवला नाही. तिसऱ्या वेळी निम्मे पैसे आधी, निम्मे पार्सल पोचायच्या आत. त्याचवेळी त्यानं व्हिडिओ काढला, मामा मागावर, धोटा इकडनं तिकडं, आत्या चरख्यावर, मी खळ घोटतेय. म्हणाला लोकांना कारागीर दिसला पाहिजे, तुमची गोष्ट दिसली की माल दुप्पट जातो. मिलानच्या शोमध्ये आपल्या कोल्हापुरीसारखी चप्पल दिसल्यावर किती गाजलं ते तुम्ही बघितलंच, तर तो म्हणायचा आता घोंगड्याची पाळी आहे मामा, तुम्हाला जीआय मिळवून देतो, तुमच्या नावावर. आता मला कळतंय की जीआय म्हणजे त्या भागातल्या मालाला मिळणारं भौगोलिक मानांकन, ते असं एका माणसाच्या नावावर कुणी खिशातनं काढून देत नाही. कोल्हापुरी चपलेला २०१९ ला मिळाली ती महाराष्ट्र आणि कर्नाटकच्या चर्मोद्योग महामंडळांच्या नावावर आहे, त्यासाठी उत्पादकांची संस्था नाहीतर असलं सरकारी महामंडळ लागतं, कागद लागतात, चेन्नईला अर्ज लागतो. कुणी व्यापारी जीआय देतो म्हणाला की तिथंच सावध व्हा.

दिवाळीच्या आधी त्याचा फोन आला. थंडीचा सीझन, दिल्लीला मोठं प्रदर्शन, असेल तेवढा सगळा माल पाहिजे, फक्त ह्यावेळी जांगडावर द्या. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते, जांगड म्हणजे माल आधी न्यायचा, विकला की पैसे, नाही विकला तर माल परत. कापडाच्या धंद्यात ही जुनी पद्धत आहे, इथं कोल्हापूरजवळ गांधीनगरच्या कापडबाजारात पण चालते, त्यामुळं कुणाला वावगं वाटलं नाही. वर त्यानं प्रत्येक घराला पुढच्या तारखेचा चेक दिला आणि छापील लेटरहेडवर माल नेल्याचं चलन दिलं, जीएसटी नंबरसकट. चार घरचा माल एका टेम्पोत गेला.

आता ह्यातला जो भाग सगळ्यात महत्त्वाचा आहे तो हा. चेकची तारीख आली तसा त्याचा फोन आला, ताई चेक टाकू नका, मी एनईएफटी करतोय, चेक परत गेला तर माझं सिबिल खराब होईल, तुम्हालाच पुढची ऑर्डर देता येणार नाही. पुढच्या आठवड्यात परत तेच. मग स्क्रीनशॉट आला, पैसे पाठवल्याचा, रक्कम बरोबर, आमचा खाते नंबर बरोबर. खात्यात काही नाही. विचारलं तर म्हणाला शनिवार रविवार आहे, सोमवारी जमा होईल. तर लक्षात ठेवा, एनईएफटी म्हणजे एका बँकेतनं दुसऱ्या बँकेत पैसे पाठवायची सोय, ती १६ डिसेंबर २०१९ पासून चोवीस तास चालतं, रविवारी पण, दर अर्ध्या तासाला पैसे पुढं जातात. शनिवार रविवारचं कारण शुद्ध खोटं. एनईएफटीचा यूटीआर नंबर, म्हणजे त्या व्यवहाराचा नंबर, सोळा अक्षरांचा असतो, तो बँकेत दाखवला की पैसे खरंच निघाले का ते कळतं. त्याच्या स्क्रीनशॉटवरचा नंबर बँकेतल्या मॅडमनी बघितला आणि म्हणाल्या असा व्यवहारच नाही.

तो एवढा गोड बोलून वेळ का काढत होता ते माझ्या भावानं सांगितलं, तो पतसंस्थेत आहे. चेक त्याच्यावरच्या तारखेपासून तीन महिनेच चालतो. तीन महिने उलटले की तो नुसता कागद. आणि चेक बँकेत टाकून परत आला तरच चेक बाऊन्सची, कलम १३८ ची केस होते, टाकलाच नाही तर बाऊन्स कशाचा. म्हणजे टाकू नका टाकू नका हेच त्याचं खरं काम होतं, माल नेणं हे तर कुणालाही जमतं. भाऊ त्याच दिवशी मला घेऊन बँकेत गेला आणि मुदत संपायच्या आत आमचा चेक पडला. परत आला, शेरा होता खाते बंद. शेजारच्या काकांचा चेक मात्र कपाटातच राहिला. त्यांच्या मुलीचं लग्न होतं आणि तो लग्नाला येतो, आहेर घेऊन येतो, तेव्हाच सगळे पैसे देतो म्हणाला होता. लग्न झालं, तो आला नाही, चेकची मुदत संपली. काकांना आता चेकची केस करता येत नाही, पैसे मिळवायला दिवाणी दावा एवढाच रस्ता राहिलाय आणि त्यांच्यात ती ताकद नाही. मला ह्याचा राग माझ्या पैशापेक्षा जास्त आहे.

नुसतं पैशावर थांबलं असतं तर एकवेळ चाललं असतं. जानेवारीत सांगलीहून एक ताई मोटारसायकलवर नवऱ्याबरोबर घरी आल्या, व्हिडिओत गावाचं नाव ऐकून शोधत आल्या होत्या. भांडायलाच आल्या होत्या खरं तर. म्हणाल्या तुमचं घोंगडं घेतलं, साडेतीन हजार दिले, वडिलांची कंबर दुखते म्हणून, आणि अंगावर घेतलं की घाम येतो आणि ठिणग्या उडाल्यासारखं चटचट करतं. पिशवीतनं काढलं. मामांनी नुसता हात ठेवला आणि काढून घेतला, काही बोलले नाहीत. आत्यांनी काठाचा एक धागा ओढला आणि काडी लावली. लोकर जळली की केस जळल्याचा वास येतो, ज्योत काढली की बहुतेक विझते आणि राख बोटानं चुरगाळली की भुकटी होते. हा धागा वितळला, प्लॅस्टिकचा वास आला आणि टोकाला काळा टणक मणी झाला, बोटानं फुटेना. मशीनवरचं अॅक्रिलिकचं ब्लँकेट, काठाला नंतर शिवलेल्या दशा. आणि ते विकलं गेलं होतं मामांच्या व्हिडिओवर, मामांच्या हातांवर. त्या ताईंनी फोनवर दाखवलं, खाली लिहिलंय, कोल्हापूरच्या विणकर आजोबांकडून थेट तुमच्या घरी. मामा त्या दिवशी जेवले नाहीत. आमच्या मालाचं त्यानं काय केलं कुणास ठाऊक, पण आमच्या नावावर त्यानं किती लोकांना तसलं ब्लँकेट दिलं असेल ह्याचा विचार केला की झोप लागत नाही. त्या ताईंना आत्यांनी घरातलं एक लहान घोंगडं दिलं, पैसे घेतले नाहीत.

आता कुणी म्हणेल शिकलेली सून घरात असून फसले कसे. ऐकून घेतलंय मी हे पाहुण्यांकडनं, यात्रेत पण. जो माणूस तीन वेळा चोख पैसे देतो त्याच्यावर विश्वास ठेवणं हा धंदा करायचा एकच मार्ग आहे, धनगर आम्हाला उधार लोकर देतो तो पण असाच विश्वासावर. दोष त्याचा आहे ज्यानं तो विश्वास विकत घेतला आणि मोडून खाल्ला. त्यामुळं ज्यांचं असं झालंय त्यांनी लाजेनं गप्प बसू नका, त्याला तेच पाहिजे असतं.

वकिलांनी जे सांगितलं ते थोडक्यात लिहिते, कारण ह्यात दिवस मोजावे लागतात. चेक परत आल्याचा मेमो बँकेतनं मिळाला की तीस दिवसांच्या आत लेखी नोटीस गेली पाहिजे, नोंद राहील अशा पोस्टानं. नोटीस मिळाल्यावर त्याला पंधरा दिवस. तरी पैसे दिले नाहीत तर त्यानंतर एका महिन्यात कोर्टात तक्रार. आणि त्यासाठी पुण्याला जायला लागत नाही, आपलं खातं ज्या शाखेत आहे तिथल्याच कोर्टात केस होते, हे आम्हाला माहीतच नव्हतं. पोलीस चौकीत पहिल्यांदा आम्हाला हा दिवाणी मामला आहे म्हणून परत पाठवलं. चार घरांनी एकत्र लेखी अर्ज दिला, व्हिडिओचा पुरावा जोडला, सांगलीच्या ताईंचं बिल जोडलं, तेव्हा अर्ज घेतला आणि पोच दिली. आधी ज्याला चारशेवीस म्हणायचे ते १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेचं कलम ३१८ आहे, अर्जात ते लिहा. पोच घेतल्याशिवाय उठू नका.

त्याचं चलन वकिलांनी बघितलं आणि सगळ्यात आधी जीएसटी नंबरवर बोट ठेवलं. महाराष्ट्राचा नंबर २७ नं सुरू होतो. पुण्याचं दुकान म्हणवणाऱ्याचा नंबर २९ नं सुरू होत होता, म्हणजे कर्नाटकचा, आणि जीएसटीच्या साईटवर टाकून बघितला तर दुसऱ्याच कुणाच्या नावावर आणि रद्द झालेला. हे बघायला लॉगिन लागत नाही, पैसे लागत नाहीत, फोनवर दोन मिनिटांत होतं. दुसरं म्हणजे चलनावर त्यानं बारीक अक्षरात विक्रीनंतर पैसे देय असं छापलं होतं. त्याचा वकील उद्या म्हणू शकतो माल विकलाच गेला नाही, चेक नुसता तारण म्हणून दिला होता. त्यामुळं आम्ही आता जांगड बंद केलंय. देतो ते बिल करून, नगांची संख्या, साईज, रंग, रक्कम आणि किती दिवसांत पैसे हे लिहून, त्याची सही घेऊन. आधीच्या मालाचे पैसे खात्यात दिसल्याशिवाय पुढचा नग घरातनं हलत नाही, मग तो कुणीही असो.

उद्यम नोंदणी, म्हणजे छोट्या उद्योगांची सरकारी नोंदणी, केली नसेल तर करून घ्या, आधार आणि पॅनवर होते, फुकट आहे, त्याचे पैसे मागणारा पण फसवणाराच. नोंदणी असली की घेणाऱ्याला जास्तीत जास्त ४५ दिवसांत पैसे द्यावे लागतात आणि नाही दिले तर व्याजासकट मागता येतात, त्यासाठी सरकारची सुविधा परिषद आहे, तिथं तक्रार करायची. पळून गेलेल्या माणसावर ह्याचा फार उपयोग नाही हे खरं, पण दुकान टाकून बसलेले आणि सहा सहा महिने पैसे न देणारे जे आहेत ते ह्या कायद्याला वचकतात.

आणि व्हिडिओ. कुणी घरी येऊन शूटिंग करायचं म्हणालं तर आम्ही आता बोलता बोलता मामांच्या तोंडून आमच्या घरचा फोन नंबर आणि माल फक्त इथूनच मिळतो हे म्हणवून घेतो, मागं पाटीवर पण लिहून ठेवलंय. कापायचं म्हटलं तरी सहज कापता येत नाही.

त्याच्याकडनं ज्यांनी माल घेतला असेल त्यांना कळकळीनं सांगते. व्हिडिओत निळ्या भिंतीपुढं पांढऱ्या टोपीतले आजोबा मागावर आहेत, डाव्या हाताला चरख्यावर हिरव्या लुगड्यातल्या आजी आहेत. तो व्हिडिओ तुम्हाला कुठं दिसला तर रिपोर्ट करा आणि खरेदी करू नका. माल घेतला असेल तर एक धागा जाळून बघा. खोटा निघाला तर ग्राहक हेल्पलाईन १९१५ वर तक्रार करा, पैसे ऑनलाईन गेले असतील तर सायबर फसवणुकीच्या १९३० नंबरवर लगेच सांगा. आणि पार्सलच्या पिशवीवर पाठवणाऱ्याचा जो पत्ता असतो तो फाडून टाकू नका, फोटो काढून ठेवा आणि तक्रारीला जोडा. आमची नोटीस पत्ता सापडत नाही म्हणून परत आलीय, त्याचा खरा पत्ता कुणाच्या तरी पिशवीवरच असणार.