खाडीतला जिताडा: कडक लुअर की मऊ, तंगूस की ब्रेडेड?

दुकानात पहिला प्रश्न येतो, "कोणता मासा?" तुम्ही जिताडा म्हणता आणि काउंटरवर सात-आठ रंगीबेरंगी लुअर (खोटी आमिषं) मांडले जातात. खरं तर विचारायला हवं, "उभे कुठे राहणार?" उघाडीच्या (खाडीकाठच्या खाजणातलं पाणी सोडायच्या दाराच्या) भिंतीवर, कालवं चढलेल्या खडकावर, जेटीवर, की होडीतून तिवरांच्या कडेकडेने? मासा चारही ठिकाणी तोच असतो, पण एका जागेचं सामान दुसऱ्या जागी अडकतं, तुटतं किंवा पोचतच नाही. जागा ठरवून दुकानात गेलात तर निम्मा खर्च वाचतो.

दुसरा घोळ व्हिडिओंचा. 'बास फिशिंग' शोधलं की समोर येतो तो अमेरिकेतल्या तळ्यांमधला लार्जमाउथ बास. आपला जिताडा, म्हणजे गोव्याचा चोणक आणि ऑस्ट्रेलियाचा बारामुंडी, इंग्रजीत सी बास म्हणवतो खरा, पण दोघांचं कूळ वेगळं. सवय मात्र सारखी. दोघंही आडोशाला दबा धरतात आणि भक्ष्य टप्प्यात आलं की जबडा उघडून पाण्यासकट आत ओढतात. त्यामुळे लुअरचे प्रकार आणि ते चालवायच्या पद्धती तिकडून उचलायला हरकत नाही. ताकदीचा हिशेब मात्र उचलू नका. लार्जमाउथचा जागतिक विक्रम 22 पौंड 4 औंसांचा, म्हणजे जेमतेम 10 किलोचा. तो 1932 मध्ये जॉर्जियात झाला आणि 2009 मध्ये जपानच्या बिवा सरोवरात त्याची बरोबरी झाली. दहा किलोच्या जिताड्याचं आपल्याकडे कौतुक होईल, पण त्याला विक्रम कोणी म्हणणार नाही. तळ्यातल्या बाससाठी बनवलेल्या हलक्या क्रँकबेटचे (जाडसर, डुलणाऱ्या कडक लुअरचे) बारीक गळ जिताडा सरळ करून जातो. गोड्या पाण्याचं रीळही खाडीच्या खाऱ्या हवेत लवकर कुरकुरायला लागतं.

आधी, लुअर हवाच का?

नुसता मासा घरी न्यायचा असेल आणि पाणी गढूळ असेल, तर जिवंत कोळंबी किंवा बोयटाचं पिल्लू लावून गरवणारा माणूस लुअरवाल्याला बहुतेक वेळा मागे टाकेल. हे मान्य करून पुढे जाऊ. पण जिवंत आमिषाला शिंगाळाही येतो, त्याचा काटा विषारी असतो आणि अंधारात तो गळातून सोडवणं हा सुखाचा प्रकार नाही. शिवाय आमिष एका जागी बसतं. लुअरने तासाभरात दोन-तीनशे मीटरचा किनारा चाळता येतो, आणि मासा कुठे बसलाय तेच माहीत नसताना याला मोठी किंमत आहे. दोन्ही करणारे लोक आहेत आणि त्यांचं बरं चाललंय.

कडक मिनो की मऊ रबर

खरी निवड इथे आहे.

कडक मिनो म्हणजे प्लास्टिकचा किंवा लाकडाचा मासा, पुढे जीभ असलेला. ओढला की जिभेमुळे खाली जातो आणि डुलतो. खाडीसाठी 9 ते 12 सेंटिमीटर लांबीचा, मीटर-दीड मीटर खोल जाणारा पुरे. यात तरंगणारा, बुडणारा आणि जिथल्या तिथे लटकणारा असे तीन प्रकार मिळतात. पहिला घेताना तरंगणाराच घ्या. दोन-तीन वेळा ओढून थांबलात की तो हळूहळू वर येतो, त्यामुळे खालच्या खडकावरून आणि कालवांवरून सुटतो. आणि जिताडा पुष्कळदा त्या थांबण्यावरच झडप घालतो. नवीन माणूस सारखं रीळ फिरवत राहतो आणि 'इथे मासाच नाही' म्हणून जागा सोडतो.

मिनोची अडचण त्याच्या तिहेरी गळांची. दोन किंवा तीन ठिकाणी तीन-तीन टोकं लटकत असतात. तिवरांच्या मुळांत एकदा शिरला की तो लुअर तिवरांचा. महाग मिनो घेऊन तिवरांकडे टाकायला हात धजत नाही, आणि न धजणाऱ्या हाताने टाकलेला लुअर आडोशापासून चार हात लांब पडतो. जिताडा एवढ्या लांब सहसा येत नाही.

मऊ लुअर म्हणजे पसरट शेपटीचा रबरी मासा, शिशाचं डोकं असलेल्या गळावर चढवलेला. लांबी 10 ते 12 सेंटिमीटर, डोकं प्रवाहाप्रमाणे 10 ते 20 ग्रॅम. एक रबर गेलं तर फारसं दुःख होत नाही. केंड मासा शेपट्या कुरतडून नेतो, तेवढा खर्च गृहीत धरा. तळापर्यंत पोचणं हा याचा मोठा गुण. जेटीच्या खांबांशी किंवा पुलाखाली मासा खोल बसलेला असेल, तर वरून डुलत जाणाऱ्या मिनोपेक्षा तळाशी टप्पे घेणारं रबर जास्त कामाचं. पण कालवांच्या खडकावर उघडं शिशाचं डोकं पहिल्या फटींतच रुततं.

यावरचा तोडगा मात्र थेट अमेरिकी बासवाल्यांकडून घ्या. निक क्रीम नावाच्या गृहस्थाने 1949 मध्ये ओहायोतल्या ॲक्रनला मऊ प्लास्टिकचा गांडूळ बाजारात आणला, आणि पुढे बुडालेल्या झाडांतून तो ओढताना गळाचं टोक रबरातच लपवायची पद्धत रूढ झाली. तिला टेक्सास रिग म्हणतात. तिवरांसाठी याहून बरं काही नाही. मुळांवरून, फांद्यांवरून रबर घसरत येतं. मोबदल्यात काही झडपा वाया जातात, कारण गळाला आधी रबर फोडावं लागतं. त्यामुळे झटका जोरात द्यायचा आणि गळ जाड तारेचा घ्यायचा.

माझा कौल असा. उघाडीच्या भिंतीवरून आणि मोकळ्या खडकावरून तरंगता मिनो. जेटी आणि पुलाखाली शिशाच्या डोक्याचं रबर. तिवरांत टोक लपवलेलं रबर. सगळीकडे थोडं थोडं फिरणार असाल तर दोन मिनो आणि रबराचं एक पाकीट. पहिला मोसम यावर सहज निघतो.

पृष्ठभागावर खळखळणारा पॉपर पहाटे, वारा पडलेला असताना मजा देतो, पण पहिल्या खरेदीत नको. चमचा, म्हणजे धातूचा स्पून, स्वस्त आहे आणि लांब जातो. तो खाडीच्या तोंडाशी, वाळूच्या किनाऱ्यावरून वापरा.

रंगावर लोक तासन् तास बोलतात. स्वच्छ पाण्यात चंदेरी, गढूळ पाण्यात सोनेरी किंवा अगदी गडद. एवढं बास.

भांग की उधाण

हे सामानाच्या यादीत नसतं, पण सामान यावर ठरतं. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला प्रवाह जोरदार असतो, गाळ उठतो, हलकं रबर वाहत जातं. तेव्हा 20 ग्रॅमचं डोकं, गडद रंग, आणि टाकायची जागा खांबामागचं किंवा खडकामागचं शांत पाणी. अष्टमीच्या आसपास भांगाला, म्हणजे भरती-ओहोटीचा जोर कमी असताना, पाणी निवळतं, प्रवाह मंदावतो, तेव्हा मिनो खुलतो. उघाडीवर मात्र ओहोटीची वाट पाहा. खाजणातलं पाणी बाहेर पडतं तेव्हा त्याबरोबर कोळंबी आणि बोयटाची पिल्लं वाहत येतात, आणि जिताडा तोंडाशीच उभा असतो.

रॉड, रीळ, दोरा

बेटकास्टिंग (रॉडच्या वर बसणारं, चकती फिरणारं रीळ) की स्पिनिंग (रॉडखाली लटकणारं, चकती स्थिर असलेलं)? बेटकास्टिंग रिळाने होडीतून तिवरांच्या फांदीखाली अचूक टाकता येतं, अंगठ्याने दोरा हवा तिथे थांबवता येतो. पण समोरून वारा आला किंवा लुअर हलका पडला की रिळावर असा गुंता होतो की संध्याकाळ तो सोडवण्यात जाते. किनाऱ्यावरून गरवणाऱ्याने 4000 आकाराचं, खाऱ्या पाण्यासाठी बनवलेलं स्पिनिंग रीळ घ्यावं आणि प्रश्न मिटवावा. रॉड साडेसात ते आठ फुटी, 10 ते 35 ग्रॅमचे लुअर पेलणारा. होडीत सात फुटी बरा. पैसे कमी असतील तर लुअरची संख्या कमी करा, रिळाचा दर्जा नको.

तंगूस, म्हणजे नायलॉनचा एकेरी दोरा, स्वस्त आहे, ताणला जातो, त्यामुळे माशाच्या झटक्याला सैल देतो. पण 30 पौंडी (तेवढा ताण सोसणारा) तंगूस अर्ध्या मिलिमीटरहून जाड असतो. तेवढ्याच ताकदीचा ब्रेडेड, म्हणजे बारीक धाग्यांचा विणलेला, दोरा त्याच्या निम्म्या जाडीचा, म्हणून लुअर लांब जातो, आणि तो ताणला जात नसल्याने तळाशी झालेली बारीक टकटकही हाताला कळते. लुअरसाठी ब्रेडेडच. जिवंत आमिषाला तंगूस अजूनही चांगला.

फक्त ब्रेडेड दोरा कालवांना घासला की क्षणात जातो, आणि जिताड्याच्या कल्ल्याच्या झाकणाची कड सुरीसारखी असते. म्हणून पुढे मीटर-सव्वा मीटर 40 ते 60 पौंडी लीडर, म्हणजे लुअरच्या आधीचा जाड दोऱ्याचा तुकडा, हवाच. तो फ्लुरोकार्बनचा की साध्या जाड तंगुसाचा यावर वाद घालण्यात अर्थ नाही. आपल्या खाड्यांच्या पाण्यात तो माशाला फारसा दिसत नाही, साधा चालतो. पॉपरला तर साधाच बरा, कारण फ्लुरोकार्बन बुडतो. मिनोला लीडर बांधताना सैल फास ठेवा, आवळलेल्या गाठीने त्याचं डुलणं मरतं.

लुअरसोबत आलेले गळ बोटांनी वाकवून पाहा. वाकले तर जाड गळ आणि मजबूत कडी वेगळी घ्या. तिहेरीऐवजी एकेरी गळ लावले तर अडकणं कमी होतं आणि मासा सोडवायलाही सोपं जातं. लुअरचा तोल थोडा बदलतो, तो बादलीत नाही, खाडीत ओढून तपासा.

लांब नाकाची पक्कड घेतल्याशिवाय निघू नका, कल्ल्यात बोटं घालू नका, आणि वाशिष्ठीसारख्या मगरींच्या नदीत अडकलेला लुअर सोडवायला पाण्यात उतरू नका. मीटरभर लांबीचा जिताडा बहुधा मादी असतो. हे मासे नर म्हणून मोठे होतात आणि पुढे मादी बनतात. असा मासा सोडायचा असेल तर ओठाला पकडून उभा टांगू नका, पोटाखाली ओला हात द्या आणि प्रवाहाकडे तोंड करून धरा, तो स्वतः शेपटी मारेपर्यंत.