परसबाग शाळेत लावावी की गावच्या सामायिक जागेत?

ग्रामसभेत हा विषय निघाला की दोन पार्ट्या पडतात, एक म्हणते शाळेच्या आवारात लावा, दुसरी म्हणते पडीक जागा बचत गटाच्या बायांना द्या. यवतमाळ जिल्ह्यातल्या आमच्या गावात दोन्ही करून झालं आणि मी दोन्हीकडे निंदण केलंय, म्हणून थोडं बोलतो. ताजी भाजी चांगली असते वगैरे तुम्हाला माहीतच आहे, ते सोडा.

सामायिक बागेचं खरं सुख म्हणजे माणसं. म्हाताऱ्या बाया येतात, कोणाजवळ गावरान वांग्याचं बी असते, कोणाजवळ अंबाडीचं, ते एकमेकीत वाटलं जाते. ज्यांच्याकडे वावर नाही त्या घरांना आधार होतो, उरलेली भाजी आठवडी बाजारात जाते, 'उमेद'चं (बचत गटांसाठीचं सरकारी अभियान) पोषण परसबागेचं काम आहे त्याचाही उपयोग होतो. आणि मे महिन्यातही पाणी द्यायला कोणी ना कोणी असतेच. शाळेचं इथंच अडते, आपल्याकडे पारा 45 च्या वर आणि विदर्भातल्या शाळा उघडतात जूनच्या शेवटी, तोवर काळ्या मातीला पाय जाईल एवढ्या भेगा पडलेल्या.

तरी मी शाळेकडे झुकलो ते तोडणीमुळे. बाकी सगळं जमते हो, बकऱ्यांसाठी तुराट्यांचं कुंपण होते, पाण्याच्या पाळ्या लागतात, पण भाजी कोणी तोडायची यावरून जे होते ते विचारू नका. सांबार (कोथिंबीर) जरा वाढला की पहाटे जो आधी उठला त्याचा, जी निंदायला कधी आली नाही ती पिशवी घेऊन पहिली हजर, मग तू किती नेलं मी किती नेलं, आणि ते भांडण बागेतून नळावर, नळावरून ग्रामपंचायतीच्या इलेक्शनपर्यंत. हिशोबाला वही ठेवली तर वहीवरून भांडण.

शाळेत हा प्रश्नच नाही, भाजी निघाली की खिचडीच्या गंजात. पोषण आहारात प्राथमिकच्या पोट्ट्याला रोज 50 ग्रॅम आणि सहावी ते आठवीला 75 ग्रॅम भाजी धरलेली आहे, म्हणजे 60 पोरांच्या प्राथमिक शाळेला रोज 3 किलो. परसबागेतून रोज तेवढी निघत नाही, कोणी निघते म्हटलं तर खरं मानू नका, पण हिवाळ्यात पालक-मेथी आठवड्यातून एक-दोनदा तरी पुरते असं माझं मत. स्वतः लावलेलं वांगं पोट्टे ताटात बाजूला काढत नाहीत हे पंक्तीत बसून पाहिलंय (आमचं कारल्याला अजूनही हात लावत नाही, ते वेगळं). उन्हाळ्याचं म्हणाल तर पालेभाजी दिवाळीनंतर टाकायची, होळीपर्यंत उरकायची, नंतर शेवगा, कढीपत्ता एवढंच ठेवायचं.

तुमचा गट एकजुटीचा असेल तर सामायिक बागही मस्त चालेल, नाही म्हणत नाही. शाळेत जागा कमी असेल तर केंद्र सरकारच्या 2019 च्या शाळेतल्या परसबागेच्या सूचनांप्रमाणे कुंड्या-डबेही चालतात. फक्त भार एकट्या सरांवर टाकू नका, सरांची बदली होते. खिचडी शिजवणाऱ्या ताईंना सोबत घ्या, त्या गावच्याच असतात आणि उद्या गंजात काय पडणार हे त्यांनाच आधी माहीत असते.