जुना पॉवर काईट घ्यावा का? गोव्याच्या वाऱ्यात उडवून बघितल्यावरचं मत

पॉवर काईट म्हणजे माणसाला ओढेल इतक्या ताकदीचा मोठा पतंग. जुना घ्यावा का? आधीच सांगतो, घ्या. पण फॉइल घ्या, पंपाने हवा भरायचा नको, आणि किती वर्षं जुना आहे यापेक्षा आधीच्या मालकाने तो ठेवला कुठे होता ते विचारा. मी सध्या उडवतोय तो एचक्यू कंपनीचा जुना बीमर, तीन चौरस मीटरचा, चार दोऱ्या आणि दोन हँडल, सीझन संपताना घरी परतणाऱ्या एका परदेशी पाहुण्याकडून घेतलेला, आणि आश्वे-मांद्रेच्या किनाऱ्यावर दुपारच्या वाऱ्यात तो अजून असा ओढतो की टाचा वाळूत रुतवून मागे झुकल्याशिवाय उभं राहता येत नाही.

फॉइल म्हणजे काय तर त्यात काडी-बांबू काही नसतं, कापडाचे कप्पे असतात, पुढच्या तोंडातून वारा आत शिरतो आणि कप्पे फुगून पंखाचा आकार येतो. म्हणजे मोडायला काही नाही. जे काही खराब होतं ते कापड, शिलाई आणि दोऱ्या, आणि तिन्ही तुम्हाला विकत घेण्याआधी किनाऱ्यावर बसून तपासता येतं.

कापड रिपस्टॉप, म्हणजे चीर पुढे पसरू न देणाऱ्या विणीच्या नायलॉनचं असतं, त्यावर हवा आरपार जाऊ नये म्हणून कोटिंग असतं, आणि ऊन हे त्या कोटिंगचं सगळ्यात मोठं शत्रू. पाण्यात, वाळूत पडला, काही बिघडत नाही, पण शॅकसमोर दिवसभर उन्हात पसरून ठेवलेला काईट लवकर संपतो. कापडाला तोंड लावून जोरात फुंका. हवा सहज पलीकडे गेली तर राम राम करा, कितीही स्वस्त असू दे. मग सूर्यासमोर धरून बारीक भोकं बघा, खास करून पुढच्या कडेला, कारण नाकावर आपटतो तो तिथेच. हातात घेतल्यावर कुरकुरीत वाटला तर चांगलं, चिकट वाटला किंवा कुबट वास आला तर तो आपला पावसाळा कुठल्या तरी ओल्या खोलीत काढून आलाय हे समजायचं. हा प्रॉब्लेम गोव्यात जास्त, युरोपच्या कोरड्या कपाटात पंधरा वर्षं पडलेला काईट इथल्या दोन पावसाळ्यांतल्या काईटपेक्षा चांगला निघू शकतो. फाटलेला असेल तर घाबरू नका, छोटी चीर रिपस्टॉप टेपने दोन्ही बाजूंनी चिकटवली की झालं.

आता दोऱ्या, आणि हे नीट वाचा कारण इथेच स्वस्तात चांगला माल मिळतो. चार दोऱ्यांत दोन पॉवरच्या आणि दोन ब्रेकच्या, म्हणजे काईटची मागची कड खेचून त्याला थांबवणाऱ्या. सगळी ओढ पॉवरच्या दोऱ्यांवर, त्यामुळे वर्षानुवर्षांत त्या थोड्या लांबतात, ब्रेकच्या तशाच राहतात, म्हणजे काय होतं तर ब्रेक कायम थोडा दाबलेलाच राहतो आणि काईट वर चढायच्या ऐवजी मागे मागे सरकत खाली येतो. विकणारा म्हणतो आता जुना झाला, उडत नाही, आणि कापड मात्र एकदम ठणठणीत असतं! चारही दोऱ्यांची टोकं एका खुंटीला अडकवून ताणा आणि दुसऱ्या टोकाला फरक बघा. हँडलच्या ब्रेक लीडरवर, म्हणजे ब्रेकची दोरी अडकवायच्या छोट्या दोरीवर, गाठी असतात, एक-दोन गाठी बाहेर सोडून ब्रेकची दोरी तेवढी लांबवली की बहुतेक वेळा काईट पुन्हा उडायला लागतो. दोरी कुठे फुसकटलेली किंवा खरखरीत दिसली तर सरळ डायनीमाच्या, म्हणजे न ताणणाऱ्या मजबूत कृत्रिम धाग्याच्या दोऱ्यांचा नवा सेट घ्या, तिथे पैसे वाचवू नका. आणि मनगटाचे पट्टे, म्हणजे किलर, सोबत आहेत का बघा. हँडल सोडलं की ते ब्रेक खेचतात आणि काईट लटका पडून खाली येतो. नसतील तर आधी ते घ्यायचे, मग उडवायचा.

हवा भरायचे काईट जुने नको म्हणतो त्याचं कारण वेगळं. फ्रान्सच्या लेगेनू भावांनी 1984 साली फुगवायच्या काईटचं पेटंट घेतलं, पण बार, म्हणजे हातात धरायचा दांडा, पुढे ढकलून जवळजवळ सगळी ताकद काढता येणारे बो काईट आले 2005 च्या आसपास. त्याआधीच्या जुन्या, इंग्रजी C सारख्या वाकलेल्या सी काईटची ताकद जोराच्या झटक्यात तितकी सहज काढता येत नाही, आणि त्यांचे सेफ्टी रिलीजही आजच्यासारखे नाहीत. शिवाय आतले ब्लॅडर, म्हणजे हवेच्या पिशव्या, आणि व्हॉल्व्हचा गोंद आपल्या उष्म्यात सुटतो. फुकट दिला तरी नको.

फ्लेक्सिफॉइल कंपनीचं ब्लेड हे मॉडेल स्वस्तात दिसलं तर मोह होईल, काईट सुंदरच आहे, पण तो माणसाला उचलतो, पहिला काईट म्हणून अजिबात नको. शिकायला बीमर किंवा पीकेडीचा बस्टर, दोन-तीन मीटरचा. याच फ्लेक्सिफॉइलचे दोन दोऱ्यांचे जुने काईट, पुढच्या कडेला एक लवचिक काडी आणि ब्रायडल, म्हणजे कापडाला बांधलेलं बारीक दोऱ्यांचं जाळं, नाहीच असे, कुठे सापडले तर जरूर घ्या, त्यांत गुंतायला आणि बिघडायला इतकं कमी आहे.

वारा आपल्याकडे फेब्रुवारी ते मे दुपारनंतर वायव्येकडून समुद्रावरून येतो, एकसारखा, शिकायला मस्त. सकाळचा जमिनीवरचा वारा माडांतून येतो, कधी झटका कधी शून्य, त्यात लाँच करू नका. ओढ वाऱ्याच्या वेगाच्या वर्गाने वाढते, 10 नॉटचे 14 झाले की जवळजवळ दुप्पट, म्हणून थोडाच वाढलाय असं म्हणत थांबू नका. ओहोटीला किनारा रुंद असतो तेव्हा जा. कोळी किनाऱ्यावरून रापण, म्हणजे मोठं जाळं, ओढत असतील तर लांब राहा, ताणलेली डायनीमा कातडी कापते. मोरजीला तेंबवाड्याकडे कासवांच्या घरट्यांना वनखात्याचं कुंपण असतं, त्या बाजूला तर नकोच. जूनपासून सप्टेंबरपर्यंत गोड्या पाण्यात धुवून, सावलीत पूर्ण वाळवून घरात वरच्या कपाटात.

पैशांचं म्हणाल तर नवा बाहेरून मागवला की शिपिंग आणि कस्टम ड्यूटी पकडून खूप महाग पडतो. कापड पास, दोऱ्या सरळ, किलर सोबत, तर नव्याच्या अर्ध्या किमतीपर्यंत मी आनंदाने देईन. दोऱ्या बदलायच्या असतील तर तिसरा हिस्सा, आणि तो आकडा ऐकून समोरचा नाही म्हणाला तर एप्रिलच्या शेवटी पुन्हा विचारा, तेव्हा विमानात सामानाचं वजन कमी करायची घाई घरी परतणाऱ्या पाहुण्यांनाच असते.