हापशाचे रॉड आणि कपलर: तयार सेट मागवावा की लेथवर करून घ्यावेत?

पुण्यात राहून गावाकडचा हापसा सांभाळणारे बरेच जण आहेत, कुणाचा सासवडकडे मळ्यात, कुणाचा मुळशीत घरामागे, आणि शहरातल्या काही जुन्या सोसायट्यांनीही पाणीकपातीसाठी म्हणून बोअरवर हापसा ठेवलेला आहे. वरचं हेड, हँडल, साखळी सगळं वर्षानुवर्षं धड राहतं, आत कुठंतरी पिस्टनला ओढणारा एक रॉड आट्यातून तुटतो किंवा दोन रॉड जोडणाऱ्या कपलरचे आटे झिजतात आणि हँडल एकदम हलकं लागायला लागतं. मग शोधाशोध. रविवार पेठेत बोहरी आळीत गेलं की सबमर्सिबलचं, मोटरचं, पाइपांचं काय हवं ते मिळतं, पण हापशाचा रॉड म्हटलं की दुकानदार आधी विचार करतो आणि मग पुढच्या दुकानात पाठवतो. म्हणजे खरे मार्ग दोनच उरतात, हापशाचे सुटे भाग विकणाऱ्या व्यापाऱ्याकडून ऑनलाइन तयार सेट मागवायचा, नाहीतर आपल्याकडं भोसरीला किंवा नऱ्हे-धायरीला लेथवाल्याकडून करून घ्यायचा. मी दोन्हीकडचे रॉड वापरलेत, त्यामुळं लिहितोय.

इथं मी इंडिया मार्क २ या जातीच्या हापशाबद्दलच बोलतोय, कारण आपल्याकडं बघावं तिथं तोच आहे. तसा हा हापसा आपल्या जवळचाच, साखळी आणि बेअरिंगवर फिरणारं हँडल ही मूळ कल्पना साठच्या दशकात सोलापूरला मिशनच्या लोकांनी पंप केले त्यातली, आणि पुढं सत्तरच्या दशकात युनिसेफ आणि रिचर्डसन अँड क्रुडास कंपनीच्या मद्रास कारखान्यासोबत त्याचं मार्क २ झालं. आजचं मानक आयएस १५५००, ते २००४ चं. त्यात रॉड १२ मिमीचा, ३ मीटर लांब, आटे एम १२, पिच (दोन आट्यांमधलं अंतर) १.७५ मिमी. एवढं लक्षात ठेवलं तरी निम्मं काम झालं, कारण जुन्या मळ्यांमध्ये याच्या आधीचेही पंप सापडतात, आणि अर्धा इंची व्हिटवर्थचे, म्हणजे जुन्या इंची मापाचे, आटे असतील तर ते इंचाला १२, म्हणजे पिच २.१ मिमीच्या पुढं, ते एम १२ च्या कपलरमध्ये जाणारच नाहीत. तुटलेला रॉड बाहेर काढला की आटा गेज लावून बघा, नसेल तर एम १२ चा साधा नट फिरवून बघा, तो हातानं शेवटपर्यंत गेला तर ठीक.

आता तयार सेट. याच्या बाजूनं बोलण्यासारखं पुष्कळ आहे. आयएसआय मार्कचा माल मिळतो, जस्ताचा मुलामा बसलेला असतो, षटकोनी कपलर रॉडच्या एका टोकाला वेल्ड करून येतो म्हणजे उतरवताना निम्मेच जोड आवळायचे राहतात, आणि पैसेही नगामागे लेथपेक्षा कमीच पडतात. अडचण एकच वाटते सुरुवातीला, ३ मीटरची लांबी, कुरिअरवाला घेत नाही, ट्रान्सपोर्टनं येतं आणि गोडाऊनवरून आपण टेंपोनं आणायचं. शिवाय दोन-चार रॉड कुणी सहसा पाठवत नाही, पूर्ण बंडल घ्या म्हणतात. पण ते चालतं, शिल्लक रॉड उपयोगाला येतातच.

माझं मन फिरलं ते कपलरमुळं. सेट बसवला, पाणी आलं, सगळं छान, पण हँडल वर सोडताना हाताला एक झटका बसायला लागला. खाली दाबताना काही नाही, वर सोडताना साखळी क्षणभर सैल पडायची आणि मग टक्कन ताणली जायची. मार्क २ मध्ये पिस्टन खाली जातो तो रॉडच्या स्वतःच्या वजनानं, साखळी फक्त वर ओढते, ढकलत नाही. एक रॉड पावणेतीन किलोच्या आतबाहेर, सिलिंडर, म्हणजे पिस्टन ज्यात फिरतो ती नळी, ३० मीटरवर असेल तर दहा रॉड, म्हणजे सत्तावीस किलोच्या आसपास वजन लोंबकळत असतं आणि ते सरळ खाली यायला हवं. ते येत नव्हतं याचा अर्थ कुठंतरी घासत होतं. पाइपाला कान लावला तर खर्र खर्र आवाज स्पष्ट येत होता.

रॉड वर काढले तेव्हा कळलं, कपलरच्या खालीवर रॉडची एकच बाजू घासून चकचकीत झालेली, बाकी मुलामा जसाच्या तसा. कपलरमध्ये दोन्ही बाजूंनी जे आटे पाडलेले होते ते एका सरळ रेषेत नव्हते. डोळ्यांना दिसत नाही हे, पण हिशोब करून बघा, आटा एक अंशानं जरी तिरका असेल तरी ३ मीटरच्या रॉडचं दुसरं टोक पाच सेंटीमीटर बाजूला जातं, आणि मार्क २ चा पाइप ३२ मिमीचा, त्याची आतली मोकळी जागा जेमतेम ३६ मिमी. एवढ्यात १२ चा रॉड आणि त्याहून जाड कपलर. मग तो घासत घासतच वरखाली होणार, जोडाजवळ प्रत्येक हापशाला थोडा वाकणार, आणि रॉड तुटतो तो तिथंच, आट्याच्या पहिल्या वेढ्यापाशी. रॉड तुटला तर एकवेळ बदलता येतो, पण पाइप आतून घासून पातळ झाला तर सगळी लाइन गेली.

व्यापाऱ्याला फोन केला तर तो म्हणाला वजनानं सरळ होतात, काही होत नाही. थोडे होतातही, नाही म्हणत नाही. पण झटका गेला नाही तो नाहीच.

लेथवर हे टाळता येतं, आणि मुद्दा एवढाच आहे. कपलर षटकोनी बारमधून एकाच पकडीत धरून आरपार भोक आणि आरपार टॅप (आतले आटे पाडायचं हत्यार) मारला की दोन्ही बाजूंचे आटे एकाच रेषेत येतात, येणारच, कारण टॅप एकदाच सरळ गेलाय. लेथवाल्याला हे आधीच सांगायचं, "मामा, व्हाइसमध्ये धरून हातानं टॅप मारू नका, टेलस्टॉकमधूनच (लेथच्या मागच्या टोकाच्या आधारातून) चालवा, आणि उलटा करून दुसऱ्या बाजूनं मारू नका." ज्याला काम कळतं तो लगेच हो म्हणतो. रॉडसाठी १२ ची ब्राइट बार, म्हणजे गुळगुळीत गोल सळई, घ्यायची, बाजारात साधारण सहा मीटरची येते, तिचे दोन होतात. ती लेथच्या स्पिंडलमधून मागून घालतात, मागच्या लांब टोकाला स्टँड देतात नाहीतर फिरताना ती फटके मारते, आणि पुढचं टोक धरून आटे पाडतात. बांधकामाची सळई १२ चीच आहे म्हणून कुणी सुचवलं तर ऐकू नका, तिचा गोलपणाच धड नसतो आणि तिच्यावरच्या कडा पाइप खातात.

वेल्डिंगही तिथंच करून घ्या, रॉडवर कपलर घट्ट आवळून समोरासमोर दोन टाके, एकाच बाजूला भरत गेलं तर गरमीनं कपलर ओढला जातो आणि एवढं सरळ केलेलं परत वाकडं. माल ताब्यात घेताना एक रॉड कपलरला जोडून, कपलर कडेबाहेर राहील असा, लांब सपाट टेबलावर लोळवायचा. सरळ असेल तर शांतपणे लोळत जातो, तिरका असेल तर कपलर डोलतो. तयार सेट घेणार असाल तरी ही तपासणी करा, दुकानदार नाक मुरडेल, मुरडू दे.

लेथची बाजूही सगळी गोड नाही. पहिली गोष्ट मुलामा, कारण ३ मीटरचा रॉड मावेल एवढी टाकी प्रत्येक झिंक प्लेटिंगवाल्याकडं नसते, आणि जिथं असते तिथं थोडा माल घ्यायला ते तयार नसतात. म्हणून बार घेण्याआधी प्लेटिंगवाल्याला लांबी विचारून घ्या, आणि लेथवाल्याला सांगा की वरून जस्त चढणार आहे, आटे थोडे मोकळे ठेव, नाहीतर नंतर कपलर शिरत नाही. दुसरी गोष्ट, चांगल्या कारखान्यात रोलिंग करून पाडलेले आटे लेथवर कापलेल्या आट्यांपेक्षा ताण जास्त सोसतात, हे खरंच आहे. तुमचं सिलिंडर पन्नास मीटरच्या जवळ किंवा त्याहून खोल असेल तर मी सुद्धा दोनदा विचार करीन, कारण तिथं वरच्या रॉडवर पाण्याचं आणि रॉडचं मिळून वजन खूप येतं. तिसरं, वेळ. लेथवाल्यांकडं कंपन्यांचं काम आधी असतं, आपलं चार रॉडचं काम मध्ये बसवतात, त्यामुळं ऐन एप्रिलमध्ये गेलात तर थांबावं लागेल, दिवाळीनंतर सावकाश करून घेतलेलं बरं.

स्टेनलेसचं बरेच जण विचारतात. गंजत नाही हे बरोबर, पण आपल्याकडच्या काळ्या पाषाणातलं पाणी बहुतेक ठिकाणी जड असलं तरी आंबट नसतं, त्यामुळं गंज ही मला तरी इथली मुख्य तक्रार वाटत नाही, आणि स्टेनलेसवर स्टेनलेसचे आटे कोरडे आवळले की जाम होऊन बसतात, पुढच्या वेळी सुटत नाहीत, कापावे लागतात. कोकणात किंवा आंबट पाण्याच्या भागात बोअर असेल तर मात्र स्टेनलेसचा विचार नक्की करा, आट्यांना ग्रीस लावून.

जुन्या बाजारात कधीकधी रॉड दिसतात, कपलरसकट. मी घेत नाही, आट्याच्या मुळाशी पडलेली चीर वरून दिसत नाही. आणि हापसा गावचा, सरकारी असेल तर यातलं काहीच करू नका, पंचायत समितीकडं हातपंप दुरुस्तीची माणसं असतात, त्यांनाच सांगा, त्यांच्याकडं रॉड पकडायचे व्हाइस, लिफ्टर सगळं असतं.

एक मात्र, तुमचा हापसा मार्क ३ असेल तर माझं वरचं म्हणणं बरंचसं गैरलागू आहे. त्याचा पाइप ६५ मिमीचा, कपलर थोडा तिरका असला तरी घासायला जागा भरपूर, आणि पाइप न काढता नुसते रॉड ओढून पिस्टन वर येतो, म्हणजे चूक सापडली तरी दुरुस्ती हलकी. तिथं तयार सेट घ्या आणि मोकळे व्हा. सिलिंडरचे वायसर, व्हॉल्व्ह हे तर कुठल्याही पंपाचे आयएसआयचे तयारच घ्यावेत, लेथवर करण्यासारखं त्यात काही नाही.

मार्क २, ३२ चा पाइप, खोली तीस-पस्तीस मीटरपर्यंत, एवढं जमत असेल तर मी लेथवर जाईन, थोडे पैसे जास्त गेले तरी. तुमच्या ओळखीचा व्यापारी आधी लोळवून दाखवत असेल तर त्याच्याकडून घ्यायलाही हरकत नाही, असे लोक आहेत. कुठूनही घ्या, सर्वात वरचा रॉड मात्र पूर्ण लांबीचाच आणा, तो जागेवर खूण करून कापायचा असतो आणि साखळीसाठी आटे तिथंच पाडायचे असतात, त्यामुळं एम १२ चा डाय (रॉडवर आटे पाडायचं हत्यार) आणि त्याचं हँडल पिशवीत आठवणीनं टाका, गावात ऐनवेळी मिळत नाही.