सांदण की प्लस व्हॅली? दरी निवडण्याआधी बाहेरची वाट बघा

दिवाळी उलटली की पुण्यातल्या ट्रेकर मंडळींत सांदण दरी करायची की प्लस व्हॅली, हा वाद हमखास रंगतो. पावसाळ्यात दोन्हीकडे फिरकायचं नाही, हे दोन्ही पक्षांना मान्य. दरी म्हणजे शेवटी पाण्याचीच वाट. डोक्यावर ऊन असलं तरी वर डोंगरात कोसळलेला पाऊस बघता बघता खाली येतो, आणि दोन्ही बाजूंना उभा कडा असताना पळणार कुठे?

बाकी फोटो दोन्हींचे झकास येतात, त्यावरून ठरवू नका. उतरल्यावर बाहेर कसं पडायचं, हे आधी बघा.

प्लस व्हॅली ताम्हिणी घाटात. चांदणी चौकातून मुळशीच्या रस्त्याने दोनेक तासांत पोचता येतं. दोन दऱ्या एकमेकींना छेदतात आणि वरून अधिकचं चिन्ह दिसतं, म्हणून हे नाव. उतार मुरमाड आणि घसरडा. खाली ओढ्याच्या पात्रात मोठाले धोंडे आणि एकामागून एक कुंडं. पाणी नितळ, हिरवंगार, आणि पक्कं फसवं. काठाशी तळ दिसतो म्हणून कंबरभर वाटतं, पण दोन पावलं पुढे पाय टेकत नाहीत. बाहेर यायला जावं तर कातळावर शेवाळ, हाताला पकड मिळत नाही. पोहता येणारेही इथे गेलेत ते याच कारणाने. दोर आणि जाणकार सोबत असतील तर इथून कडे उतरत थेट भिऱ्याच्या देवकुंड धबधब्याकडे जाता येतं, पण तो वेगळा उद्योग. बाकीच्यांना आल्या वाटेनेच वर यायचंय, तेही दुपारच्या उन्हात, पाय थकलेले आणि बाटली रिकामी असताना. उतरताना गुडघे बोलतात, चढताना छाती. एखाद्याने मध्येच बसकण मारली, तर त्याला वर काढायला दुसरा रस्ता नाही.

मुक्कामाचं म्हणाल तर दरीत टेंट टाकायचा विचारही नको. टेंट मुळशीच्या बाजूला, परवानगी असलेल्या जागीच. वनखात्याची बंदी आहे का, हेही निघण्याआधी विचारून घ्या.

सांदण मात्र लांब. आळेफाटा, संगमनेर, अकोले, राजूर करत भंडारदऱ्यापलीकडच्या साम्रदला पोचायला पाच-सहा तास मोडतात. शुक्रवारी ऑफिस सुटल्यावर निघालात तर मध्यरात्र धरूनच चाला. साम्रदला गावातच जेवण आणि टेंटची सोय होते. सकाळी गावातला वाटाड्या घ्या आणि घळीत शिरा. इकडे रतनगड, तिकडे अलंग-मदन-कुलंग हे किल्ले, आणि मध्ये जमिनीला पडलेली ही भेग! खोली दोनशे ते चारशे फूट सांगतात. काही ठिकाणी हात पसरले की दोन्ही भिंतींना लागतात. ऊन खाली पोचतच नाही म्हटलं तरी चालेल. सुरुवातीलाच पाण्याचे दोन टप्पे लागतात. डिसेंबरात दुसऱ्यात छातीपर्यंत पाणी असतं, आणि गार इतकं की बोलणारा माणूस वाक्य अर्धं सोडतो. सॅक डोक्यावर, मोबाइल प्लास्टिकच्या पिशवीत. एप्रिलपर्यंत हे पाणी बरंच उतरतं. पुढे नुसते धोंडे. त्यातला एखादा डुगडुगतोच, म्हणून आधी पाय टेकवून बघायचं, मगच भार द्यायचा.

मग येतो पहिला रॅपलिंगचा पॅच, म्हणजे दोराने उतरायचा कडा, साधारण 45 फुटांचा. खरा निर्णय इथे. इथून मागे फिरलात तर चढ फारसा नाही, दुपारी गावात पिठलं-भाकरी. खाली उतरलात तर पुढे आणखी दोन छोटे पॅच, आणि दोर काढून घेतला की परतीची वाट बंद. रात्र दरीच्या खालच्या तोंडाशी टेंटमध्ये, समोर आजोबा नावाचा डोंगर. रात्र झकासच, पण सकाळी तुम्ही कोकणाच्या अंगाला असता आणि गाडी वर साम्रदला. मुंबईकर खालच्या डेहणे गावात उतरून आसनगावहून लोकल पकडतात. पुणेकराला करोली घाट चढून परत साम्रद गाठावं लागतं. हा दमवणारा चढ ट्रेकच्या जाहिरातीत बारीक अक्षरात असतो, तर कधी नसतोही.

लोक प्लस व्हॅलीला सोपी समजतात, कारण ती जवळ आहे आणि दोर लागत नाही. मला उलट वाटतं. ग्रुपमध्ये कुणी पहिल्यांदाच दरीत उतरत असेल, तर गाडी जास्त चालवा, पण सांदण करा, पहिल्या पॅचपर्यंतच. प्लस व्हॅली अशांसाठी, जे राजगड-तोरणा एका दमात करतात आणि पाण्यात उतरायचा मोह आवरू शकतात. पूर्ण सांदण करायची तर दोर लावणारे अनुभवी हवेत, हार्नेस (दोर अडकवायचा कमरेचा पट्टा) आणि हेल्मेट प्रत्येकाला हवं, आणि सोमवारची रजा टाकलेली बरी.

आईबाबा आणि पोरंटोरं सोबत असतील, तर दोन्ही राहू द्या. शिरूरमार्गे निघोजला जा. कुकडीच्या पात्रात गोट्यांनी गरगर फिरून कोरलेले रांजणखळगे आहेत, मळगंगेचं देऊळ आहे. पोरांचा हात मात्र सोडू नका, खळगे खोल आहेत.