१६ इंची स्क्रोल सॉ: नऊ महिने जाळीकाम केल्यावर

जाळीकामासाठी स्क्रोल सॉ, म्हणजे बारीक पातं वरखाली चालवून नक्षी कापणारी विजेची करवत, घ्यायचा असेल, तर मोटर किती वॅटची आणि टेबल किती अंशांत कलतं हे विचारण्याआधी एकच गोष्ट हाताने करून बघा. बिनपिनेचं, म्हणजे टोकांना आडवी पिन नसलेलं, पातं अडकवा, सोडवा, पुन्हा अडकवा. याला किती वेळ लागतो आणि पातं सरकतं का, एवढं पाहा. नऊ महिन्यांच्या वापरात रोज हाताला लागलेला मुद्दा हाच आहे.

यंत्र नेहमीच्या चिनी साच्यातलं आहे: १६ इंची गळा (पात्यापासून मागच्या खांबापर्यंतचं अंतर), १२० वॅटची मोटर, मिनिटाला ५५० ते १६०० स्ट्रोक, पात्याची वरखाली चाल १५ मिमी, वजन साधारण १२ किलो. हाच साचा रंग आणि नाव बदलून बऱ्याच ठिकाणी विकला जातो, त्यामुळे इथे लिहिलेलं त्या सगळ्यांना थोड्याफार फरकाने लागू पडेल. त्यावर झालेलं काम म्हणजे देव्हाऱ्याच्या पाठीच्या जाळ्या, महिरपी, गणपतीची मखरं आणि दारावरच्या पाट्या. लाकूड मुख्यतः ६ मिमी प्लायवूड आणि १२ ते १८ मिमी सागवान. २०१८ मध्ये राज्यात थर्माकोलवर बंदी आल्यापासून लाकडी मखराला मागणी आहे, आणि घडी होणारं, दरवर्षी वापरता येणारं मखर या यंत्रावर उत्तम होतं.

आता पात्याचं. यंत्रासोबत पिनेची पाती येतात. पाट्या कापायला ती चालतात, जाळीला नाहीत. पिन आरपार जायची तर भोक निदान ५-६ मिमीचं लागतं, आणि जाळीतली निम्मी घरं, म्हणजे कापून काढायच्या मोकळ्या जागा, त्याहून लहान असतात. शिवाय पिनेची पाती फार बारीक मिळतच नाहीत. बिनपिनेचं पातं दीड मिमीच्या भोकातून सहज जातं. ते बसवायला दोन छोटे अडॅप्टर मिळतात, ॲलन स्क्रूने पातं आवळायचं आणि अडॅप्टर यंत्राच्या हाताच्या (पातं धरणाऱ्या दांड्याच्या) खाचेत अडकवायचा.

कागदावर हे सोपं वाटतं. ६४ घरांची एक जाळी घ्या. प्रत्येक घरासाठी पातं वरून सोडायचं, फळीच्या भोकातून घालायचं, पुन्हा आवळायचं, ताण द्यायचा. मूळ अडॅप्टरने एका घराला सुमारे ४० सेकंद जातात, म्हणजे नुसत्या अडकवाअडकवीत ४३ मिनिटं. अंगठ्याने फिरणारा, वरून झटकन उघडणारा क्लॅम्प बसवला की हेच १५ सेकंदांवर येतं आणि ४३ ची १६ मिनिटं होतात. तो क्लॅम्प वेगळा विकत घ्यावा लागला, पण या यंत्रावर केलेला सर्वांत वसूल झालेला खर्च तोच. घर बदलताना खालचा क्लॅम्प उघडूच नका. पातं खाली पक्कं उभं ठेवायचं, फळी वरून भोकातून त्यावर उतरवायची आणि फक्त वरचं टोक अडकवायचं.

पातं सरकण्याची तक्रार सगळेच करतात आणि पक्कडीने स्क्रू आणखी आवळतात. आटे त्यानेच जातात. मूळ कारण तेल असतं. नवी पाती गंजू नयेत म्हणून त्यांना तेलाचा हलका हात असतो. दोन्ही टोकं थिनरच्या फडक्याने पुसा, २२० च्या पॉलिश पेपरवर एकदा घासा, क्लॅम्पच्या जबड्याच्या आतली बाजूही तशीच घासून घ्या. यानंतर बोटांच्या जोराने आवळलेला स्क्रू पुरतो.

ताण किती द्यायचा हे कोणत्याही माहितीपत्रकात नीट लिहिलेलं नसतं. पातं तंबोऱ्याच्या तारेसारखं छेडा. बद्द आवाज आला तर ढिलं आहे, स्वच्छ उंच स्वर आला तर ठीक. बोटाने बाजूला ढकलून पाहा, २-३ मिमीपेक्षा जास्त हललं तर ताण वाढवा. ढिल्या पात्याने कापलेली कड वरून सरळ दिसते आणि उलटी करून पाहिली की पोटात फुगलेली असते. सागवानात हा दोष चटकन दिसतो. काम संपलं की ताण सोडून ठेवा.

पात्यांचे नंबर नीट समजून घेतले तर निम्मी पाती वाचतात. नंबर वाढला की पातं रुंद आणि दात मोठे. ५ नंबरला इंचाला साधारण साडेबारा दात असतात, म्हणजे ६ मिमी प्लायवूडमध्ये एका वेळी तीन दात लाकडात राहतात. निदान तीन दात आत असावेत, हा नियम इथे बरोबर बसतो. तेच पातं ३ मिमीच्या पत्र्यासारख्या प्लायवर लावलं तर जेमतेम दीड दात आत राहतो. मग फळी थडथडते, खालून चिवट्या (लाकडाचे तुटके तंतू) निघतात आणि नाजूक पूल, म्हणजे दोन घरांमधल्या लाकडाच्या पट्ट्या, मोडतात. एक तर १ नंबरवर या, नाहीतर ३ मिमीच्या दोन फळ्या एकावर एक चिकटवून कापा. जोडीने कापण्याचा फायदा फक्त वेळ वाचण्यात नाही, पात्याला पुरेसं लाकूड मिळतं म्हणून कडही चांगली येते. १२ मिमी सागवानाला ५ चालतं, १८ मिमीला ७ किंवा ९.

जाळीसाठी उलट्या दातांचीच पाती घ्या. त्यांचे शेवटचे काही दात वर तोंड करून असतात आणि खालच्या बाजूच्या चिवट्या कापून टाकतात. यंत्राचा हात सगळ्यात वर असताना यातले दोन-तीन दात टेबलाच्या वर दिसले पाहिजेत. दिसत नसतील तर पातं खालच्या क्लॅम्पमध्ये चुकीच्या उंचीवर धरलंय आणि उलट्या दातांचे पैसे वाया चाललेत. स्विस बनावटीची पेगासची पाती इथे सगळ्यांत जास्त चालली, कड इतकी साफ की पॉलिश पेपर नावापुरता लागतो.

एक पातं किती चालतं? ६ मिमी प्लायमध्ये वीस-पंचवीस मिनिटं, १८ मिमी सागवानात दहा-बारा. सागवानात नैसर्गिक सिलिका असते, ती दात खाते. मोडेपर्यंत पातं वापरणं ही काटकसर नव्हे. बोथट पातं आपण नकळत जोराने ढकलतो, ते वाकतं, रेष सोडतं, लाकूड जाळतं आणि शेवटी ६४ पैकी साठाव्या घरात तुटतं. ढकलायला जोर लागायला लागला की बदला. सागवान जळू नये म्हणून फळीवर चिकटवलेल्या नक्षीच्या कागदावरून पॅकिंगची रुंद पारदर्शक टेप मारा. काळे डाग जवळजवळ बंद होतात.

नवं पातं सरळ ढकललं तरी रेषेवरून एका बाजूला, बहुतेक वेळा उजवीकडे ओढतं. यात यंत्राचा दोष नाही. पातं बनताना एका कडेला बारीक बोचरी धार राहते, ती बाजू जास्त कापते. टाकाऊ फळीवर एक लांब सरळ छेद घ्या, किती अंश तिरकं धरलं की पातं रेषेवर राहतं ते पाहा आणि तेवढ्या तिरकेपणाने उभे राहा. काही जण यंत्रच टेबलावर थोडं वळवून बसवतात, ते शहाणपणाचं आहे.

टेबलाच्या अंशांच्या पट्टीवर अजिबात विसंबू नका. या यंत्रावर काटा शून्यावर असताना टेबल जवळपास दीड अंश कललेलं होतं. गुण्या (काटकोन तपासायचं साधन) लावून तपासता येतं, पण लहान पात्याला गुण्या नीट टेकत नाही. खात्रीचा उपाय वेगळा आहे. ४० मिमी जाडीचा लाकडाचा तुकडा घ्या, कडेला २ मिमी खोल खाच पाडा, मग तुकडा टेबलावरच फिरवून पात्याच्या मागच्या बाजूला न्या. पातं त्याच खाचेत वरपासून खालपर्यंत अलगद बसलं तर टेबल काटकोनात आहे. वर बसलं आणि खाली अडलं तर टेबल कललेलं आहे. जाळीचे दोन भाग एकमेकांत अडकवायचे असतील तर अर्धा अंशसुद्धा नडतो.

टेबलाच्या मधल्या चकतीचं भोक फारच मोठं आहे. बारीक घराचा तुकडा त्यातून खाली पडतो, आणि नाजूक पुलाला खालून आधार न मिळाल्याने तो मोडतो. २ मिमी ॲक्रिलिकचा तुकडा किंवा जुनं प्लास्टिक कार्ड घ्या, मधे १ मिमीचं भोक पाडा, पातं त्यातून घाला आणि टेपने टेबलावर चिकटवा. दहा मिनिटांचं काम, पण जाळीचा दर्जा बदलतो.

गळा १६ इंची, म्हणजे ४०६ मिमी, हे वाचून ३०० बाय ४५० ची जाळी सहज होईल असं वाटतं. होत नाही, कारण फळी सगळीकडे फिरवावी लागते. एका कोपऱ्यातलं घर कापताना समोरचा कोपरा ५४० मिमी लांब असतो आणि तो मागच्या खांबाला अडतो. अशा वेळी फळी न फिरवता चारी बाजूंना कापणारं, पिळाचं पातं वापरता येतं, पण त्याची कड खरबरीत येते. देव्हाऱ्याच्या मागच्या जाळीला ते चालून जातं, समोरच्या महिरपीला नाही. मोठी मखरंच करायची असतील तर २० इंची यंत्र बघा, किंवा जाळी दोन तुकड्यांत आखून सांधा वेलीच्या देठात लपवा.

कापण्याचा क्रम: आधी सगळी भोकं पाडा आणि फळीच्या मागच्या बाजूचा भोकांचा खरबरीतपणा घासून काढा, नाहीतर फळी टेबलावर सरकत नाही. मग मधली लहान घरं, मग कडेची, मोठी घरं शेवटी आणि बाहेरची कड सगळ्यात शेवटी. फळीत जीव असेपर्यंत नाजूक काम उरकायचं. पूल फळीच्या जाडीपेक्षा अरुंद ठेवू नका, आणि सागवानात अरुंद पूल लाकडाच्या रेषांच्या दिशेनेच आखा. आडवा पूल घासतानाच हातात येतो.

टोकदार कोपरा, म्हणजे पानाचं टोक, इथेच नवशिक्यांची जाळी ओळखू येते. टोकापर्यंत कापा, एक-दोन मिमी मागे या, पात्याची मागची सपाट पाठ घरातल्या टाकाऊ बाजूला हलकी टेकवा आणि वेग न कमी करता फळी फिरवा. दाताची बाजू नक्षीकडे दाबली गेली तर टोक गोल होतं. पहिल्या दहा पानांत जमणार नाही, विसाव्यात जमेल.

यंत्र ९०० ते ११०० स्ट्रोकच्या आसपास जोरात थरथरतं, त्याखाली आणि त्यावर शांत आहे. जाड लाकडी फळीवर चार बोल्टने पक्कं करा, मधे रबराची चटई नको, तिने थरथर उलट वाढली. जाळीला ७००-८०० पुरतात.

भुसा उडवणारी नळी नावालाच आहे. ती रेषेवरचा भुसा बाजूला करते आणि नाकाकडे पाठवते. सागवानाचा बारीक भुसा त्वचेला आणि छातीला त्रास देतो, एमडीएफचा (लाकडाच्या भुशाच्या दाबलेल्या फळीचा) त्याहून वाईट. एन-९५ मास्कशिवाय बसू नका.

पॉलिशला ब्रश घेऊ नका, तो घरांच्या कोपऱ्यात थेंब साठवतो. चपडा (लाख) स्पिरिटमध्ये पातळ करून स्प्रेने तीन-चार हलके हात मारा, किंवा जवसाचं तेल उथळ ट्रेमध्ये ओतून जाळी बुडवून काढा आणि लगेच पुसा. तेलाची फडकी गोळा करून ठेवू नका. ती आपोआप पेट घेऊ शकतात, म्हणून पसरून वाळवा किंवा पाण्यात बुडवा.

नऊ महिन्यांत मोडलं काय, तर चौथ्या महिन्यात खालचा क्लॅम्प आट्याजवळ चिरला आणि विक्रेत्याकडून बदली यायला पाच आठवडे गेले. म्हणून यंत्रासोबतच खालच्या क्लॅम्पचा एक जादा जोड मागून घ्या. वेगाच्या बटणात भुसा जाऊन सहाव्या महिन्यात वेग आपोआप कमी-जास्त व्हायला लागला. प्लग काढून, झाकण उघडून ब्रशने साफ केल्यावर ठीक झालं, आता महिन्यातून एकदा ते करावं लागतं. यंत्राच्या हातांच्या चारही सांध्यांना दर पन्नास तासांनी शिलाई मशीनच्या तेलाचे दोन थेंब द्या. ग्रीस नको, त्यात भुसा बसून सांधा जड होतो आणि थरथर पुन्हा वाढते.